संपतरावांचं चालणं

“मॅडम, आज नक्की अ‍ॅटॅकच हाय,” छातीवर हात ठेवून संपतराव बाकावर बसले. पंधरा दिवसांतला त्यांचा हा तिसरा ‘नक्की’ होता.

मी विट्याजवळच्या एका गावात सीएचओ आहे, म्हणजे उपकेंद्राची आरोग्य अधिकारी. डॉक्टर नाही, नर्सिंग करून वर एक कोर्स केलेला. बीपी-शुगर तपासायची, गोळ्या द्यायच्या, अडलं तर व्हिडिओ कॉलवर मेडिकल ऑफिसरांना विचारायचं आणि गरज पडली तर पेशंट रेफर करायचा, म्हणजे मोठ्या दवाखान्यात पाठवायचा. आमची सगळी धाकधूक या रेफर शब्दाची. उगाच पाठवला तर वरून बोलणी. नाही पाठवला आणि काही झालं, तर आयुष्यभर मनात राहतं.

संपतराव चोपन्न वर्षांचे. पंचवीस वर्षं तमिळनाडूत त्यांचं गलाईचं दुकान होतं. जुनं सोनं गाळून शुद्ध करायचं काम. वर्षापूर्वी दुकान मुलाकडं देऊन ते गावी आले आणि एकदम रिकामे झाले. दिवसभर ओट्यावर खुर्ची, हातात मोबाइल, दहा-बारा चहा. रात्री झोप नाही. मग धडधड सुरू झाली. सांगलीच्या डॉक्टरांनी ईसीजी काढला, एको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी केली. दोन्ही नॉर्मल. चिठ्ठीवर लिहिलं होतं: पॅनिक अ‍ॅटॅक. म्हणजे भीतीचा झटका. छाती धडधडते, घाम फुटतो, आता मरतो असं वाटतं. त्रास खरा असतो, पण त्याचं मूळ हृदयात नसतं.

त्या दिवशीही ईसीजी नीट आला. बीपी थोडं जास्त होतं. मी त्यांना आणि त्यांच्या बायकोला, कमलताईंना, समोर बसवलं.

“चहा तीनच. जेवण आठच्या आत. झोपायच्या आधी तासभर मोबाइल लांब ठेवायचा. आणि रोज सकाळी अर्धा तास चालायचं.”

“एवढंच? गोळी न्हाई?”

“बीपीची देते. धडधडीला घाबरू नका. लक्षच देऊ नका तिच्याकडं.”

हे शेवटचं वाक्य मी फार सहज बोलले.

संपतराव जिद्दीचे. दुसऱ्या दिवसापासून कॅनॉलच्या सपाट रस्त्यानं चालायला लागले. तीन आठवडे उपकेंद्राकडं फिरकले नाहीत. झोप लागायला लागली, असं गावातल्या आशा सेविकेकडून कळलं. मी खूश होते. मीटिंगमध्ये त्यांचं उदाहरणही दिलं.

मग एका सोमवारी कमलताई एकट्याच आल्या. पदराशी चाळा करत उभ्या राहिल्या.

“आवं मॅडम, तुमाला सांगू नको म्हणलंय त्यांनी. आता ती कॅनॉलला जात न्हाईत. सपाटीला चालून काय व्हतंय म्हणत म्हसोबाच्या माळावर जात्यात. काल मी संगं गेलते. चढाला तीनदा थांबली. जबडा असा धरून. खाली टेकलं की थांबतंय.”

“किती दिवस झाले?”

“चार-पाच रोज. परत दवाखान्यात गेलो तर लोक हसतील म्हणत्यात. मॅडमनी लक्ष देऊ नका म्हणून सांगितलंय म्हणत्यात.”

साध्या धडधडीला धावत येणारा माणूस या वेळी गप्प बसला होता. आणि त्याला गप्प मीच केलं होतं.

त्यांना ताबडतोब बोलावून घेतलं. गाडीवर बसून आले. हसत होते. ईसीजी काढला, पुन्हा नॉर्मल. क्षणभर मलाही वाटलं, सोडून द्यावं. तरी मेडिकल ऑफिसरांना व्हिडिओ कॉल लावला.

“मॅडम, त्यांचा एको झालाय,” सर म्हणाले. “पॅनिकचा पेशंट आहे. किती वेळा पाठवणार?”

“सर, आधी बसल्या जागी व्हायचं आणि चालल्यावर बरं वाटायचं. आता चढ चढताना होतं आणि बसलं की थांबतं.”



“परत सांगा.”

मी परत सांगितलं. जबड्याचंही सांगितलं.

“अ‍ॅस्पिरिन द्या. एकशे आठ बोलवा. एक पाऊल चालवू नका त्यांना.”

हृदयाची रक्तवाहिनी अरुंद झाली, तर आरामात असताना पुरेसं रक्त पोहोचतं आणि ईसीजी नॉर्मल दिसू शकतो. कष्ट पडले की रक्त कमी पडतं, आणि तेव्हाच दुखतं. हे मी कोर्समध्ये शिकले होते. पण ‘पॅनिक’ हा शब्द एकदा चिठ्ठीवर आला की बाकीचं शिकलेलं मागं पडतं.

अँब्युलन्स यायला पंचवीस मिनिटं लागली. मी दर पाच मिनिटांनी बीपी घेत होते. गरज नव्हती, पण मला हात रिकामे ठेववत नव्हते. कमलताई एवढंच म्हणाल्या, “चालाया तुमीच सांगितलंतं न्हवं?” रागानं नाही.

संध्याकाळी सांगलीहून फोन आला. मुख्य रक्तवाहिनी जवळजवळ बंद होती. स्टेंट टाकला. पेशंट बरा आहे.

मला वाटलं, संपलं. पण घरी आल्यावर संपतराव खुर्चीतून उठेनात. संडासला जायलाही कमलताईंचा हात लागायचा. हृदयाच्या डॉक्टरांनी हळूहळू चालायला सांगितलं होतं, तरीही नाही.

“चाललो म्हणूनच झालं हे,” ते म्हणाले.

“नाही हो. ब्लॉक आधीपासून होता. चाललात म्हणून तो वेळेवर कळला. खुर्चीत बसून असतात तर कळलाच नसता.”

“आन् आता परत दुखलं तर?”

“थांबायचं आणि मला लगेच फोन करायचा. लक्ष देऊ नका असं मी म्हणाले, ते चुकलं माझं.”

त्यांनी पायांत चपला सरकवल्या. पहिल्या दिवशी आम्ही तिघं शेजारच्या गोठ्यापर्यंत गेलो आणि परत आलो. चाळीस पावलं असतील.

आता दोघं नवरा-बायको रोज कॅनॉलला जातात. धडधड अजून कधीतरी होते. मग ते येतात, मी तपासते, ते घरी जातात.

चाला, वेळेवर झोपा, चहा कमी करा, हे मी अजूनही रोज सांगते. सांगायला अर्धं मिनिट लागतं. फक्त आता आठ दिवसांनी फोन करून विचारते, चालताना काय होतं? सवयी लावायला सांगणाऱ्यानं, नंतर विचारायची सवय स्वतःलाही लावून घ्यावी.