हळदीच्या पाण्यानं पुसलेल्या बाहुल्या

दारात चप्पल काढली आणि बघितलं, काकू माझ्या हातानं मांडलेल्या बाहुल्या पुसत होत्या. एकेक करून. शेजारी तांब्यात हळदीचं पाणी. सकाळी मी सजवलेल्या पायऱ्या रिकाम्या. राजा-राणीची जोडी खाली जमिनीवर, ओल्या फडक्यात.

काकूंनी वर बघितलं नाही. 

मी हिंगोलीकडची. म्हैसूरला एमएसडब्ल्यू करते. शहराजवळच्या हिनकलला या काकूंची वरची खोली भाड्यानं घेतलीय. त्यांचे पूर्वज म्हैसूरच्या राजाच्या फौजेत आले, तेव्हापासून हे लोक इथलेच. घरात मराठी, पण त्यात निम्मी कन्नड. पहिल्या दिवशी म्हणाल्या, "आपली मराठी पोरगी म्हणून देते बघ खोली." ते 'आपली' मला तेव्हाच खटकलं. कुणी फार गोड बोललं की चपला कुठं काढल्यात ते मी आधी बघून ठेवते. बौद्धवाड्यात वाढलेल्या पोरीला ही सवय लागतेच.

आडनाव त्यांनी कधी विचारलं नाही. इथं नावाला इनिशियल म्हणून एक अक्षर जोडलं की भागतं. आणि सांगितलं असतं तरी त्यांना काय कळणार होतं? आमच्याकडची आडनावं त्यांना परकीच.

त्या दिवशी सकाळी इथल्या रीतीनं दसऱ्याच्या बाहुल्या पायऱ्यांवर मांडायच्या होत्या. काकूंचे गुडघे धरलेले. सुनेला हेब्बाळच्या कंपनीत जायची बस गाठायची. "पुट्टी, तूच मांड गं," म्हणाल्या. पुट्टी म्हणजे छोटी. मी ट्रंक उघडली, बाहुल्यांवरच्या जुन्या साड्यांच्या चिंध्या सोडवल्या. मानाप्रमाणे आधी राजा-राणी ठेवले. सुनेची आई पुण्याहून आलेली. सोफ्यावर कॉफी पीत बघत होती.

"छान मांडतेस. आडनाव काय गं तुझं?"

सांगितलं.

"अच्छा," म्हणाली. कप खाली ठेवला.

तो 'अच्छा' दिवसभर माझ्या मागं लागला. धावत बस पकडली. कॉलेजात सरांनी रिपोर्ट परत केला, काय चुकलं ते सांगत होते, माझं लक्षच नाही. डबा तसाच पिशवीत टाकून दुपारी येलवाल गावात फील्डवर्क. बचतगटाची बैठक. एका म्हातारीनं पाणी देताना विचारलं, "नीवु याव जना?" तुम्ही कुठल्या लोकांतल्या? मी नुसतं "महाराष्ट्र" म्हटलं आणि पाणी प्याले. परतताना स्वतःला समजावत होते, उगाच शंका घेतेस, सुनेच्या आईनं सहज विचारलं असेल.

आणि दारात हे.

"नोडु, बघ," काकू हळूच म्हणाल्या. "माझ्या मनात काही नाही. विहीणबाईंना चालत नाही. तू राहा ना, आरामात राहा. आता बायका येतील आरतीला, तेव्हा वरच थांब. कुणी नाव विचारलं तर इनिशियल सांग. सुम्ने, उगाच पुढचं कशाला?"

या वेळी पुट्टी म्हणाल्या नाहीत.

वर गेले.  रडूही येईना इतका राग. घराबाहेर काढलं असतं तर भांडले असते. पण यांना मी हवी होते. फक्त माझ्या बापाचं नाव नको होतं.

खाली बाहुल्या पुन्हा तशाच मांडून झाल्या, बायका जमल्या. कुणीतरी विचारलं, "यारु जोडिसिद्दु?" कुणी मांडलं हे? काकू म्हणाल्या, सुनेनं.

मी जिना उतरले. बाहुल्यांसमोर उभी राहिले. "नानु," म्हटलं. मी. मग माझं नाव, बापाचं नाव, आडनाव. सावकाश. आणि कन्नडमध्येच पुढं सांगितलं, "मी हात लावला म्हणून यांनी मघाशी हळदीच्या पाण्यानं पुसून घेतल्या."

एका बाईच्या हातात कुंकवाचा करंडा तसाच राहिला. विहीणबाई पदर सारखा करू लागल्या. काकूंनी उठून पंखा मोठा केला.

खोलीच्या दारावर आता माझं पूर्ण नाव चिकटवलंय. आडनाव सगळ्यात मोठं. येलवालच्या म्हातारीलाही मी स्वतःहून सांगणार आहे. पाणी द्यायचं का नाही ते तिनं ठरवावं.

खोली मी सोडणार नाही. काकूंना मी नको असेन तर त्यांनी समोर येऊन कारण सांगावं. पाहुण्यांचं निमित्त नको, खरं कारण. मराठीत सांगा नाहीतर कन्नडमध्ये. मला दोन्ही कळतं.