कावळ्याच्या वाटचा दहीभात

जेवलीस का आणि काय जेवलीस, असं माझा मुलगा मला रोज दुपारी ऑफिसातून फोन करून विचारायचा. मी रोज एकच उत्तर द्यायची, "दहीभात खाल्ला. झालं." तो "सरी", म्हणजे बरं, म्हणायचा आणि फोन ठेवायचा. तो राहतो के. आर. पुरमला, मी चामराजपेटेत. मध्ये अख्खं बेंगळूर आडवं पडलेलं, तेव्हा उठसूट येणं त्याला जमत नाही.

दहीभात मी रोज करायची हे खरं, पण तो कावळ्याला. नवरा गेल्यापासून स्वतः जेवायच्या आधी गच्चीच्या कठड्यावर त्यांच्या नावानं घास ठेवायचा, हा नेम मी धरला होता. त्यांना दहीभात फार आवडायचा. निदान मी तरी तसं धरून चालले होते. घास ठेवून खाली आले की मी काय जेवायची, ते मात्र कोणाला सांगण्यासारखं नव्हतं.

सुरुवातीला मीही दहीभातावरच होते. एकटीसाठी काय म्हणून गॅस पेटवायचा, असं बायका म्हणतात ना, तसंच मी म्हणत होते. शिवाय हाताला सवयच नव्हती. तांदळाच्या डब्यात हात घातला की घरभराचे तांदूळ यायचे. सार केलं की पातेलंभर. तेच सकाळी, तेच रात्री, आणि दुसऱ्या दिवशी त्या पातेल्याकडे बघवत नसे. मग एकदा कोपऱ्यावरच्या दुकानातून चटणीपुडीचं पाकीट आणलं, न वाचता. भातावर घातली, कालवली, घास तोंडात टाकला आणि माझा हात पानातच थांबला. लसूण!

आमच्या घरात कांदा-लसूण नाही. सासरची माणसं कुठल्या काळी इकडे आली, कन्नड बोलायला लागली, हुळीची आमटी काय, बिसीबेळे भात काय, सगळं उचललं, पण लसणानं उंबरा ओलांडला नाही. माझं माहेर निपाणीकडचं. तिथं लसणाशिवाय कोणाचं पान हलत नसे. लग्न होऊन आले त्याच दिवशी सासूबाईंनी यांच्याबद्दल सांगितलं, "त्याला नुसत्या वासानं मळमळतं हो." झालं, मी कानाला खडा लावला. सासूबाई गेल्या तेव्हा एकदा मनात येऊन गेलं होतं, पण यांना मळमळणार, मग कशाला?

तर तो घास तोंडात घेऊन मी बसले. वाटलं, आता काहीतरी कोसळणार. पंखा फिरत होता. बाहेर ऑटोवाला कोणाशी तरी हमरीतुमरीवर आला होता. काही म्हणता काही कोसळलं नाही. मी दुसरा घास घेतला, आणि खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी आलं. तिखटानं नाही.

तिथून जे सुरू झालं त्याचा मलाच धक्का बसला. मोठे कुकर, मोठी पातेली मी माळ्यावर टाकली. एक लहानशी लोखंडी कढई आणि एक कुकर आणला, बाहुलीच्या खेळातला वाटावा इतका. गाडीवरच्या भाजीवाल्याकडे एकच वांगं मागितलं तर तो म्हणाला, "ओंदे साका, अम्मा?" म्हटलं, "साकु." एक मला पुरतं. त्याला काय सांगू, एका वांग्यात किती सुख असतं! लहानसंच घ्यायचं, काळं, चकचकीत. त्याला चिरा देऊन आत लसणाच्या पाकळ्या खुपसायच्या आणि सरळ गॅसवर ठेवायचं. साल करपून सुटायला लागली की आतला लसूण लोण्यासारखा होतो. वरून कच्चा कांदा, कोथिंबीर आणि पळीतली फोडणी. एकटीच्या फोडणीला पळीच बरी, कढईत ते चमचाभर तेल कुठं शोधत बसायचं?

आणि चव! आमच्याकडे देवाला नैवेद्य दाखवायच्या आधी पदार्थ तोंडाला लावायचा नाही. जन्मभर मी मीठ डोळ्यांनी घातलं. आता गॅसजवळ उभी राहून पळीतलं तळहातावर घेऊन चाटायची, मीठ घालायची, पुन्हा चाटायची. पहिल्यांदा केलं तेव्हा चोरासारखं मागं वळून बघितलं होतं. मग वाटलं, अगं बाई, म्हणजे जगातल्या बाकीच्या बायकांचं आमटीचं मीठ कधी चुकत नाही ते हे असं होय!

भूक लागली की अकरालाच जेवायची. कधी दुपारी चारला उप्पीट, त्यावर कांदा. खुर्चीत बसून, पाय दुसऱ्या खुर्चीवर टाकून. लसूण मात्र कॉफीपुडीच्या जुन्या डब्यात लपवलेला, आणि फोडणी देताना खिडकी बंद. वरच्या मजल्यावरच्या अक्का आमच्यातल्याच, त्यांचं नाक फार तिखट. नवरा जाऊन वर्ष होत नाही आणि बाई चाटून-पुसून जेवते आहे, असं कोणी म्हटलं असतं तर मी जमिनीत गेले असते. म्हणून फोनवर दहीभात. दहीभातानं कशी अब्रू राहते.

ती अब्रू मला किती महाग पडणार होती, ते एका बुधवारी कळलं.

वांगं गॅसवर होतं. बेल वाजली. कुरिअरवाला असेल म्हणून पदराला हात पुसत दार उघडलं तर मुलगा आणि सून. मुलाच्या हातात दोन रिकाम्या बॅगा.

"आई, चल," तो दारातच म्हणाला. "तुला न्यायला आलोय."

"कुठं?"

"घरी. तुझी खोली तयार आहे. इथल्या मालकांना मी कालच सांगितलंय, महिनाअखेर घर सोडतो म्हणून."

ज्या घरात मी लग्न होऊन आले ते घर भाड्याचं खरं, पण ते सोडायचं हे मला बॅगांनी सांगायचं? "अरे, मला विचारायचं तरी!"

"काय विचारू? रोज विचारतो काय खाल्लंस, रोज दहीभात! अण्णा गेल्यापासून तू दहीभाताशिवाय काही खाल्लेलं नाहीस. मला रात्री झोप लागत नाही, आई. तू अशी उपाशी मरून जाशील आणि मी फोनवर सरी-सरी म्हणत बसेन." त्याचा आवाज फाटला. सून खाली मान घालून उभी.

त्याच्या मायेला नावं कशी ठेवायची? पण त्यांच्या घरी एकच स्वयंपाकघर, तिथं स्वयंपाकाची बाई येते, आणि "आईंना काही करू द्यायचं नाही" असा नियम आधीच झालेला. माझी बाहुलीची कढई कुठं जाणार होती तिथं?

तेवढ्यात सुनेनं नाक वर केलं. "आई, काहीतरी जळतंय."

मी धावले. ती दोघं मागोमाग. वांग्याची एक बाजू कोळसा झाली होती, ओट्यावर चिरलेला कांदा, कॉफीपुडीच्या डब्याचं झाकण उघडं आणि घरभर भाजक्या लसणाचा वास. मुलगा उंबऱ्यावर थिजला. त्यानं डब्यात डोकावून बघितलं, मग माझ्याकडे.

"हे... हे तू खातेस?"

आता लाजून चालणार नव्हतं. अब्रू तरी जाणार होती, नाहीतर घर. म्हटलं, जाऊ दे खड्ड्यात ती अब्रू. "खाते. रोज खाते. काल झुणका केला होता, कांदा घालून. परवा लसणाची फोडणी दिलेलं वरण. माझं वजन वाढलंय, ब्लाउज उसवावे लागलेत, पाहिजे तर बघ. दहीभात कावळ्याला असतो!"

सुनेनं तोंडाला पदर लावला. ती रडते आहे की हसते आहे ते मला कळेना. मुलगा मात्र हसला नाही.

"म्हणजे तू खोटं बोलत होतीस," तो म्हणाला. "रोज. मग उद्या न्हाणीत पडलीस तरी हेच सांगशील ना, मी बरी आहे म्हणून? आता तर नेणारच तुला."

त्याचं म्हणणं बिनचूक होतं, आणि म्हणूनच माझा पारा चढला. "पडले तर बोंब मारीन! पडण्याची कसली लाज? लाज चवीनं जेवण्याची वाटते रे. नवरा गेल्यावर बाईनं एकटीसाठी भरीत केलं असं सांगायचं कसं? आणि त्यातही तुझ्या अण्णांना लसणाच्या वासानं मळमळायचं. म्हणून जन्मभर नाही खाल्लं मी, आणि आता खाते तर त्यांचीच चोरी केल्यासारखं वाटतं."

मुलगा एकटक बघत राहिला. "अण्णांना मळमळायचं?" तो म्हणाला. "कोण म्हणालं?"

"तुझी आजी. पहिल्या दिवशी."

तो मटकन तिथल्या स्टुलावर बसला. मग म्हणाला, "आई, आम्ही मंगळवारी बनशंकरीच्या देवळात जायचो ना, मी आणि अण्णा?"

"जायचात. मग?"

"देवळामागं एक भजीची गाडी होती. ईरुळ्ळी भजी. कांद्याची. आम्ही दर मंगळवारी खायचो. अण्णा लसणाची चटणी दोनदा मागून घ्यायचे."

माझा विश्वासच बसेना. "काहीतरीच! तुम्ही तर देवळातून बडीशेप खात यायचात. मला वाटायचं तिथला प्रसाद."

"वास जावा म्हणून खायचो. अण्णा म्हणायचे, घरी बोलू नकोस हं. तुझ्या आईनं आजीपेक्षा कडक धरलंय, तिला वास सहन होत नाही. आपल्या जिभेपायी तिला कशाला त्रास?"

वर्षानुवर्षं हा माणूस माझ्यासमोर मुकाट्यानं बिनलसणाचं वरण जेवला, मी त्याच्यासमोर मुकाट्यानं ते वाढलं, आणि दोघंही एकमेकांवर उपकार करत होतो! मला इतका संताप आला की काय सांगू. समोर असते तर पळी फेकून मारली असती. आणि समोर नव्हते, ते फारच लागलं.

सुनेनं वांगं सोलून भरीत कालवलं आणि तीन बश्यांत घातलं. एका वांग्याचं तिघांत काय येणार? चमचा-चमचा आलं. मुलानं तोंडात घातलं आणि मनगटानं डोळे पुसले. "त्या गाडीवरच्या चटणीसारखं लागतं," म्हणाला. मग बाहेर जाऊन त्यानं मालकांना फोन लावला. कन्नडमध्ये काय काय बोलला, मी नीट ऐकलं नाही, पण "अम्मा इल्ले इरतारे," एवढं ऐकलं. आई इथंच राहणार. माझ्या जिवात जीव आला.

जाताना बॅगा रिकाम्याच नेल्या. दारात म्हणाला, "उद्यापासून खरं सांगायचं."

दुसऱ्या दिवशी मी भाजीवाल्याकडून दोन वांगी घेतली. त्यानं भुवया उडवल्या, मी बोलले नाही. भरीत केलं, लसूण जरा जास्तच घातला. खिडकी उघडी. मग दह्याच्या पातेलीवर झाकण ठेवलं, भातात भरीत कालवलं, त्याची मूद गच्चीवर नेऊन कठड्यावर ठेवली आणि मागं सरकले. मनात धाकधूक होती. रोज दहीभाताला कावळा येई, इकडेतिकडे बघे, दोन शितं उचले आणि उरलेलं तसंच टाकून जाई. मला वाटायचं, यांचं जेवण आधीपासूनच बेताचं.

त्या दिवशी तो आला आणि चोच वर न करता खात सुटला. कठड्यावर एक शीत उरलं नाही. चोच दगडाला पुसून तो पुन्हा माझ्याकडे बघत बसला.

"अहो," मी म्हटलं. उन्हात उभी राहून, वरच्या अक्का ऐकत असतील तर ऐकोत म्हणून चांगली मोठ्यानं, "एकदा बोलायचं तरी होतं!"

मग खाली गेले आणि उरलेलं भरीत त्यांच्यासाठी वर घेऊन आले.