अनघाताईने बघितलंय

हे मी घरातसुद्धा कधी बोलले नाही. वैशालीच्या डोळ्याचा विषय निघाला की मी उठून जाते, आणि नवऱ्याला वाटतं, मी हळवी आहे. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही तिला ओळखत नाही.

वैशाली इथे परदेशात आमच्याच ब्लॉकमध्ये राहते, हौगांगला. नवरा बोटीवर मरीन इंजिनिअर, महिनोन्‌महिने बाहेर. त्यामुळे तिचं काही अडलं की अनघाताई, म्हणजे मी. आणि अनघाताईची ख्याती अशी, की मुलांची शाळा असो नाहीतर फ्रिज, ती खोदून माहिती काढल्याशिवाय राहत नाही. खरं सांगू? ही ख्याती मला फार आवडायची.

वैशालीच्या वरच्या पापण्या जड होऊन डोळ्यांवर उतरायला लागल्या होत्या. वाचताना बिचारी भुवया वर चढवून बसायची. पापणीची जादा कातडी कापायचं ऑपरेशन असतं, त्यासाठी मीच तिला एका डॉक्टरांकडे नेलं. ते कोल्हापूरकडचे. आत गेल्यागेल्या म्हणाले, "या, बसा. मराठीतच बोला हो." झालं — परदेशात आपलं माणूस भेटलं की आपण किती चटकन विरघळतो! भिंतीवर सोनेरी कडांची सर्टिफिकेटंही होती. मी लगेच इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर त्यांचं कौतुक लिहून मोकळी झाले.

"ताई, हे या ऑपरेशनचे स्पेशालिस्टच आहेत ना? तू बघितलंयस ना?" वैशालीने विचारलं.

"बघितलंय गं," मी म्हणाले. बघितलं नव्हतं.

पण थांबा — सांगायचं ते हे नाही. हे तर नुसतं खोटं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, बुओना व्हिस्टाच्या माझ्या ऑफिसात जेवताना, मी खरंच बघितलं. इथे कुठल्याही डॉक्टरचं नाव सरकारी नोंदणीत शोधता येतं. नाव सापडलं, पण फक्त डॉक्टर म्हणून. स्पेशालिस्टांत नाही — ना डोळ्यांच्या, ना प्लास्टिक सर्जरीच्या. म्हणजे परवाना खरा, पण या शस्त्रक्रियेचं काही वर्षांचं वेगळं शिक्षण, त्यावरची परीक्षा, ते नाही. भिंतीवरची सर्टिफिकेटं लहानसहान कोर्सची असणार. त्यांनी काही लपवलं नव्हतं. आम्ही विचारलंच नव्हतं.

मग एक फोन करायचा होता. थांब, आधी दुसऱ्या कोणाला दाखवू — एवढंच म्हणायचं होतं. पण ग्रुपवर काय लिहिणार? अनघाताईने न बघताच सांगितलं, असं? मी फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. संध्याकाळी तिला मेसेज केला, उद्या सैल कपडे घाल.

तिच्यासोबत गेले. बाहेर बसून राहिले.

उजवा डोळा ठीक आहे. डाव्याची कातडी जास्त कापली गेली. तो पूर्ण मिटत नाही, झोपेतसुद्धा. दिवसभर थेंब, रात्री मलम. नंतर डोळ्यांच्या एका सर्जनबाईंनी एकदा दुरुस्ती केली, म्हणाल्या, आता याहून फार काही होणार नाही. स्पेशालिस्टच्या हातून असं झालंच नसतं का? माहीत नाही. हा प्रश्न मी माझ्या बाजूने पुष्कळ वापरलाय.

वैशाली स्वतःलाच दोष देते. नसती हौस केली म्हणते. नवरा बोटीवरून आला तेव्हा तोही तिच्यावर चिडला, माझ्यादेखत. घाई कशाला केलीस, नीट चौकशी करायची अक्कल नाही का, असं बरंच. ती चहा ओतत ऐकत होती. मग तो माझ्याकडे वळला.

"ताई, तुम्ही होतात म्हणून निभावलं."

"त्यात काय एवढं," मी म्हणाले, आणि तिने पुढे केलेला चहा घेतला.