माझी सोवळी चाल

चहा निवू द्या जरा. आधी माझी फजिती सांगून टाकतो, म्हणजे एकदाचं हसून मोकळे व्हाल.

बहात्तरचा दुष्काळ सरला होता, पीक बरं आलं होतं, म्हणून आमच्या सोलापूरच्या ख्रिस्ती मंडळीनं पिकाबद्दल देवाचे आभार मानायची, म्हणजे उपकारस्तुतीची, उपासना चर्चमध्ये थाटात करायचं ठरवलं. आता, कोणती चाल देवाघरी शोभते आणि कोणती सिनेमाची, हे ठरवायचं काम माझ्याकडे. कोणी दिलं नव्हतं, मीच घेतलं होतं.

आमचा पेटीवाला दानिएल गिरणीत कामाला. त्यानं नवं भजन बांधून आणलं. दोन ओळी ऐकल्या आणि मी हात वर केला.

"दानिएल, ही सिनेमाची चाल."

"न्हाय सर. आईच्या जात्यावरच्या ओवीवरनं बांधलीय. ती जेऊरहून ऐकायला येणार हाय की."

"ठेका बघ तुझा. माणसाचे पाय हलतात."

"हलू द्या की. बायबलातला दावीद राजा देवापुढं नाचलाच व्हता."

"तो राजा होता, तू पेटी वाजव," म्हटलं. बिचाऱ्याचा चेहरा उतरला. मलाही वाईट वाटलं, पण तत्त्व म्हणजे तत्त्व. शब्द तुझे, चाल मी लावतो, असं जाहीर करून टाकलं.

आमची खोली नवी पेठेत, चहाच्या हॉटेलवरच्या माडीवर. रोज संध्याकाळी खिडकीशी गुडघे टेकायचे, डोळे मिटायचे आणि शुद्ध चाल मागायची. एके दिवशी आली की हो, अगदी वरून उतरल्यासारखी. बायकोला गाऊन दाखवली.

"अहो, ओळखीची वाटते."

"पवित्र गोष्ट आत्म्याला ओळखीचीच वाटते," मी म्हणालो. हे असलं मी खरंच बोलायचो.

उपासनेचा रविवार आला. वेदीपुढं ज्वारीची कणसं, पहिल्या बाकावर दानिएलची आई. शब्दांचे कागद वाटून आम्ही सुरुवात केली आणि सगळी मंडळी पहिल्याच कडव्याला सामील झाली. मला भरून आलं. इतक्या लवकर कोणी नवी चाल उचलतं का?

तेवढ्यात रस्त्यावरून लग्नाची मिरवणूक आली. बँडवाले माझीच चाल वाजवत होते. सूर तोच, ठेका तोच, फक्त आमच्यापेक्षा बरा. मंडळी थांबेल असं वाटलं, पण ती बँडच्या साथीनं गातच राहिली. दोन कडव्यांमधलं संगीत आम्ही बसवलं नव्हतं, तेही बँडनं भरून काढलं. दानिएलनं मान पेटीवर घातली होती आणि त्याचे खांदे हलत होते.

उपासना सुटली तशी त्याची आई पुढं आली. "सर, गाणं लई झ्याक. आमच्याकडं तंबूतल्या सिनेमात ऐकलंय मी."

आमच्या चर्चचे पाळकसाहेब शांतपणे तिला म्हणाले, "बाई, पुढच्या रविवारपर्यंत राहा. तुमच्या ओवीवरचं भजन घेऊ." मग माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"सर, प्रार्थना करत राहा. फक्त हॉटेलवाल्यानं रेडिओ लावला की खिडकी तेवढी लावून घेत जा."