आधी पाय, मग हात

शुक्रवार पेठेतल्या त्या सायकल दुरुस्तीवाल्याला हळू बोलणं ठाऊकच नाही. माझ्या नव्या सायकलीच्या पेडलमध्ये बूट खटकन अडकतो आणि टाच बाहेर वळवली तरच सुटतो. पहिल्याच दिवशी त्याच्या दुकानासमोरच्या मारुतीपुढे सवयीने थांबलो, हात जोडले आणि सायकलीसकट आडवा झालो. त्यानं आधी हँडल तपासलं, मग मला उठवलं!

तेव्हापासून मी दिसलो की पाना आपटत ओरडतो, "सर, आदी पाय काढा, मग हात जोडा की! देव कुटं पळून जातोय?" सगळी पेठ हसते. माझ्या शाळेतली पोरंसुद्धा.

काल मी भडकून सुनावलं, "तोंड आवरा जरा!"

आज तो गप्प बसला. मी पुन्हा आडवा.

नेमकं आजच ऐकायचं होतं ह्याला?