मैनाची सुई

नाशिक रोडला मालधक्क्याच्या मागे जी वस्ती होती, तिथे ठमाबाई राहायची. नवरा काळू धक्क्यावर हमाली करायचा, ती एका शाळेत झाडलोटीला होती. पदरात एकच लेक, मैना. तिला शिकवायचं, नर्स करायचं, असं दोघांनी मनाशी धरलेलं होतं.

चौऱ्याहत्तरच्या थंडीत मैनाचा घसा धरला, ताप आला. मिठाच्या गुळण्यांनी तो गेलाही. पुढे काही दिवसांनी पोरीचा गुडघा सुजला. तो उतरतो न उतरतो तोच दुसऱ्या पायाचा घोटा. बायका म्हणाल्या, वाताचं आहे, तेल चोळ. ठमाबाईनं चोळलं. पण नळावरून कळशी आणता आणता पोरगी वाटेत बसायला लागली, तेव्हा तिनं स्टेशनाजवळच्या डॉक्टर वाघचौऱ्यांचा दवाखाना गाठला.

वाघचौऱ्यांनी छातीला नळी लावली आणि बराच वेळ काढलीच नाही. मग मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथून कागद आल्यावर त्यांनी ठमाबाईला समोर बसवून सांगितलं, "सांधे बरे होतील. पण या दुखण्यानं हृदयाची झडप धरलीय. घसा पुन्हा तसा बिघडला की झडप आणखी खराब होणार. म्हणून दर तीन आठवड्यांनी पेनिसिलीनचं इंजेक्शन. वर्षानुवर्षं घ्यावं लागेल. चुकवायचं नाही."

तेव्हापासून मैनाची सुई हे घरातलं एक कामच होऊन बसलं. डॉक्टर आधी दर वेळी विचारायचे, मागच्या खेपेला अंगावर पित्त उठलं का, खाज सुटली का, दम लागला का. मग हातावर थेंबभर औषध टोचून वाट बघायची. जागा लाल झाली नाही, तरच पुढचं. औषध पिठासारखं घट्ट, कमरेत जाताना पोरगी ओठ दाताखाली धरायची. नंतर अर्धा तास बाकावर बसायचं, घरी जायची घाई करायची नाही. टेबलावर रिॲक्शनवरच्या औषधाची काचेची कुपी आणि सिरिंज तयार असायची. ठमाबाईला त्या कुपीकडे बघून धीर यायचा. लंगडत लंगडत मायलेकी घरी जायच्या. मैना शाळेत जाऊ लागली, दोरीवरच्या उड्या मारू लागली. चार-पाच वर्षं अशी बरी गेली.

मग सावळीरामचं झालं. सावळीराम शेजारचाच, टांगा हाकायचा. पायाला खिळा लागून पू झाला म्हणून तो बाजारातल्या एका दवाखान्यात गेला. डॉक्टर जाग्यावर नव्हते. कंपाउंडरनं काही विचारलं नाही, हातावर टोचून पाहिलं नाही, सरळ पेनिसिलीन दिलं आणि जा म्हणाला. मागे एकदा याच सुईनं सावळीरामच्या अंगावर गांधी उठल्या होत्या, तोंड सुजलं होतं. ते त्याच्या बायकोला ठाऊक होतं, पण ती बरोबर नव्हती. दवाखान्याच्या पायरीवरच त्याचा घसा आवळला. ठमाबाई तेव्हा भाजी घेऊन तिथूनच चालली होती. तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. आत सुईवर उतारा म्हणून द्यायला काही नव्हतं. माणूस तिच्या मांडीवरच गेला.

लोकांनी दवाखाना फोडला. पुढच्या आठवड्यात रस्त्यावरच्या एकाही दवाखान्यात पेनिसिलीनची सुई मिळेना.

मैनाची तारीख आली तेव्हा वाघचौऱ्यांनीही मान हलवली. ते म्हणाले, "औषध वाईट नाही, ठमाबाई. देण्याची रीत चुकली. पण मी माणूस आहे. उद्या माझ्या हातून काही झालं तर मला कोण सोडेल? गोळ्या देतो, सकाळ-संध्याकाळ. नाहीतर मोठ्या दवाखान्यात जा."

ठमाबाई भांडली नाही. सावळीरामचं तोंड तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. सुई टळली म्हणून मनातून तिला सुटल्यासारखंच झालं.

मोठ्या दवाखान्यात ती चार-दोनदा गेली. कधी औषध संपलेलं, कधी देणारी बाई रजेवर, आणि इकडे ठमाबाईचा शाळेतल्या कामावर खाडा. गोळ्या सुरू झाल्या. मैना चांगली दिसत होती, आणि चांगल्या दिसणाऱ्या पोरीला रोज दोनदा गोळी कोण आठवणीनं देतं? हळूहळू त्याही सुटल्या. घसा दोनदा धरला, दोनदा आपोआप बरा झाला. कुणी मनावर घेतलं नाही.

काळूनं मैनाचं लग्न चांदवडकडच्या गेणूशी लावलं. दुखण्याचं सांगितलं तर सोयरीक मोडेल, म्हणून सगळ्यांनीच तोंड मिटलं. गेणू स्वभावानं चांगला होता. कांद्याच्या चाळीत काम करताना मैनाला दम लागायचा, तेव्हा सासू कामचुकार म्हणायची, तो तिच्या वाटचं उचलायचा. दिवस गेले आणि सातव्या महिन्यात तिला आडवं निजता येईना. पाय सुजले. गेणूनं ट्रकमधून तिला नाशिकला आणलं. मूल वाचलं नाही.

मैना माहेरी आली ती उशांना टेकून बसलेलीच. मोठ्या दवाखान्यात आता इंजेक्शन पुन्हा सुरू झालं. ठमाबाईनं तिथल्या डॉक्टरला विचारलं, यानं झडप नीट होईल का. तो तरुण होता, खोटं बोलला नाही. म्हणाला, "याच्यापुढचं थोपवता आलं तर येईल. गेलं ते गेलं."

झडपेचं ऑपरेशन मुंबईला होत होतं, पण रांग मोठी होती.

एका दुपारी मैनानं विचारलं, "आई, सुई बंद केली नसती तर?"

"मला भीती वाटली गं," ठमाबाई म्हणाली.

मैनानं तिचा हात धरला. त्या पावसाळ्यात ती गेली. गेणू तेराव्या दिवसापर्यंत थांबला, मग गावी परतला. त्याचं दुसरं लग्न झालं.

दोन वर्षांनी वस्तीतल्या भिमाबाईच्या पोराचे सांधे सुजले आणि त्याला तेच इंजेक्शन लिहून दिलं. ती सल्ला विचारायला आली. ठमाबाईनं तिला सगळं सांगितलं. आधी कधी सोसलं नसेल तर ते बोलायचं, हातावर टोचून बघायला लावायचं, उताऱ्याचं औषध जवळ आहे का ते विचारायचं, नंतर तिथेच बसून राहायचं, पण द्यायचंच. हवं तर मी बरोबर येते, असंही ती म्हणाली.

भिमाबाईनं ऐकून घेतलं, मान डोलावली. पण तिनंही सावळीरामला पायरीवर पडलेलं पाहिलं होतं. पोराला तिनं सुईला नेलं नाही. ठमाबाई आणखी दोनदा तिच्या दारात जाऊन आली. तिसऱ्यांदा भिमाबाईनं तिला पाहून दार लोटून घेतलं.