बोटभर अक्षरं

माझ्या सासऱ्यांना वाचनाचं वेड होतं. रोह्याच्या एका कंपनीत त्यांनी नोकरी केली. शिफ्ट कुठलीही असो, डब्याच्या पिशवीत वाचनालयाचं पुस्तक असायचंच. रिटायर झाल्यावर पोटभर वाचीन म्हणायचे, आणि रिटायर झाल्यावर थोड्याच दिवसांत त्यांच्या नजरेचा मधला भाग गेला. कडेचं दिसे, समोरचं नाही. दारात कुणी आलं हे कळे, पण चेहरा दिसत नसे. डॉक्टरांनी सांगितलं, चष्म्याने यात फरक पडणार नाही. आम्ही भिंग आणलं. त्यातून एकेक शब्द हुडकताना वाक्य तुटायचं. शेवटी त्यांनी भिंग खिडकीत ठेवून दिलं आणि पुस्तकांचा विषयच सोडला. दिवसभर ओसरीवर बसून राहायचे.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. आम्ही रोह्याजवळ वरसेला राहत होतो. मी पेणला रामवाडीत एका छापखान्यात कंप्युटरवर मराठी टाइप करायची. लग्नपत्रिका, बिलबुकं, निवडणुकीची पत्रकं. रोज एसटीने जाऊन-येऊन.

आमच्या शेजारचे भाई आखातात नोकरीला होते. त्या वर्षी रजेवर आले ते कंपनीने मोडीत काढलेला एक लॅपटॉप घेऊन. ईदच्या दुसऱ्या दिवशी शीरखुर्मा द्यायला आले तेव्हा तोही दाखवायला आणला. साईटवर आसपास पुस्तकाचं दुकान नाही, म्हणून ते सीडीवरची इंग्रजी पुस्तकं त्यात वाचत. दमल्या डोळ्यांना बरं पडावं म्हणून अक्षरं मोठी करून घेत. त्यांनी करून दाखवलं. एकेक अक्षर माझ्या बोटाएवढं झालं. सासरे जवळ सरकले, मान थोडी वाकडी केली, आणि कडेच्या नजरेने त्यांनी एक इंग्रजी शब्द वाचला. मग दुसरा.

"यात मराठी येतं का?" त्यांनी विचारलं.

भाईंना माहीत नव्हतं. मला माहीत होतं. छापखान्यातला मराठी फॉन्ट मालकांना विचारून मी फ्लॉपीवर घेतला. मराठी पुस्तक मात्र असं तयार मिळणारं नव्हतं, ते मलाच टाइप करावं लागणार होतं. सासऱ्यांची अर्धवट राहिलेली एक कादंबरी होती, गलबतावरच्या माणसांची. जेवणाच्या सुट्टीत डबा लवकर संपवून मी तिची जमतील तेवढी पानं टाइप करायची आणि संध्याकाळी फ्लॉपी घेऊन यायची. भाईंनी लॅपटॉप आमच्याकडेच ठेवला. रजेत मला वाचायला फुरसत कुठे, काकांना वाचू दे, म्हणाले.

पहिल्या संध्याकाळी सासऱ्यांनी एक परिच्छेद वाचायला बराच वेळ घेतला. मग म्हणाले, हे पुस्तकासारखं वाटत नाही, मांडीवर वजन नाही, पान उलटल्याचं कळत नाही. मी कादंबरीच त्यांच्या मांडीवर ठेवली. ते हसले आणि पुढे वाचायला लागले.

अडचण एकच होती. अक्षरं एवढी मोठी, की दोन-तीन ओळींत पडदा भरायचा. सारखं बटण दाबून मजकूर वर सरकवावा लागे, आणि ते बटण त्यांना सापडत नसे. मी दिवसा घरी नसायची. म्हणून ते काम सासूबाईंकडे आलं. त्यांनी आपल्या कपाळाची लाल टिकली काढून त्या बटणावर चिकटवली.

सासूबाई पेणच्या खाडीकडच्या, मिठागरात राबणाऱ्या घरातल्या. तिसरीत शाळा सुटली ती कायमची. एसटीची पाटी आणि रेशनकार्ड यापलीकडे त्यांना काही वाचताना मी पाहिलं नव्हतं. पुस्तकातली अक्षरं मुंग्यांसारखी दिसतात, असं म्हणायच्या. पण बटण कधी दाबायचं हे कळण्यासाठी त्यांना पडद्याकडे बघत बसावं लागे, आणि तिथे मुंग्या नव्हत्या. काही दिवसांनी मी घरी आले तर सासरे सांगू लागले, "ही आता माझ्याआधी बटण दाबते. माझं वाचून होत नाय तोवर ओळ गायब."

सासूबाई लाजल्या. "तुम्ही लय हळू वाचता," एवढंच म्हणाल्या.

मग लग्नसराई आली. छापखान्यात पत्रिकांचा ढीग पडला. डबासुद्धा मशीनशेजारी उभ्यानं खायची, कादंबरीला हात लावणं शक्यच नव्हतं, ती घरीच राहिली. फ्लॉपीवरची पानं संपली, तीही नेमकी गलबत वादळात सापडलेलं असताना. मी रोज रिकाम्या हाताने घरी यायची आणि दोघं माझ्या पिशवीकडे बघायची.

एका संध्याकाळी मी आले तेव्हा लॅपटॉप बंद होता. ओसरीवर सासूबाई कादंबरी उघडून बसल्या होत्या, छापील. ओळीखाली बोट धरून, एकेक शब्द सुटा करत मोठ्याने वाचत होत्या. शब्द अडला की थांबत. "शी आणि ड, मग?" असं विचारत. सासरे डोळे मिटून बसले होते आणि शब्द पुरा करून देत होते. "शीड. शीड फाटलं असेल." मी चपला काढल्या तसं सासूबाईंनी मान वर न करता सांगितलं, "थांब गो जरा. चहा मग ठेवते. हा गलबतावरचा तांडेल वादळातून वाचतो का बघू दे."

मी पायरीवरच बसले. तांडेल वाचला. त्याला किनारा दिसेपर्यंत अंधार पडला आणि सासऱ्यांनी हात लांब करून चाचपडत ओसरीचा दिवा लावला.

पुढे दोन्ही चालू राहिलं. मी टाइप करून आणलेलं सासरे स्वतः वाचत, आणि मी कमी पडले की छापील पुस्तक सासूबाई वाचून दाखवत. भाई परत निघाले तेव्हा लॅपटॉप घेऊन गेले नाहीत. वर्षभराने तो एकदा बंद पडला तो पडलाच. मला वाईट वाटलं. सासऱ्यांनाही वाटलं असणार, कारण स्वतः वाचण्याची मजा वेगळी होती असं ते नंतरही म्हणायचे. पण पुन्हा नुसते बसून राहिले नाहीत.

लॅपटॉप बंद पडल्यानंतरच्या रविवारी मी सासूबाईंना रोह्याच्या वाचनालयात घेऊन गेले. सभासद म्हणून त्यांचंच नाव लावलं. कसलं पुस्तक हवं, असं तिथल्या बाईंनी विचारलं. सासूबाईंनी कपाटांवरून एकदा नजर फिरवली.

"जाडं द्या," त्या म्हणाल्या. "लवकर संपायला नको."